वहीत न उतरलेला मार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं कबड्डी खेळलो. त्यांची एक सवय आम्हा मुलांना फार जाचायची. पकडीत डोकं आपटून कुणी पडला, की ते शिट्टी वाजवून खेळ थांबवत, त्या मुलाशेजारी मांडी घालून बसत आणि विचारत, "तुझं नाव काय? इयत्ता कुठली? आज वार कोणता?" उत्तरं बरोबर आली तरी तो मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरत नसे. लिंबाच्या सावलीत बसून राहायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत आला की पुन्हा तेच तीन प्रश्न. पुढं मी मेंदूविकारांचं शिक्षण घेतलं, तेव्हा कळलं की डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला आज जगभर याच धर्तीचे प्रश्न विचारतात. गुरुजींनी ते कुठून उचलले होते, हे विचारायचं राहून गेलं.

त्यांच्या व्यासपीठावरून आज मी एका मुष्टियोद्ध्याबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव, गाव, वजनगट आणि विजेतेपदाचं साल मी सांगणार नाही. तसा शब्द मी त्याच्या पत्नीला दिला आहे. तो सैन्यात होता, राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला होता आणि आपल्याच भागातला होता, एवढं पुरे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेहून मी कोयना एक्सप्रेसनं पुण्याला निघालो होतो. किर्लोस्करवाडीला एक जोडपं चढलं. पुरुष सत्तरीच्या आतबाहेरचा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, नाकाचं हाड मधोमध बसलेलं. बाई हातात कापडी पिशव्या घेऊन त्याच्या मागं, पण नजर सारखी त्याच्या पायांवर. समोरच्या बाकावर एक लहान मूल होतं आणि खिडकीशी त्याची पाण्याची बाटली ठेवलेली होती. गाडीनं हिसका दिला, बाटली निसटली आणि खाली पडायच्या आत त्या माणसाच्या डाव्या हातात होती. आम्ही कुणी बाटली पडताना पाहिलीसुद्धा नव्हती. मुलगा टाळ्या वाजवायला लागला. मग त्या माणसानं सैल झालेलं झाकण बसवायला घेतलं आणि ते त्याला बसेना. बोटं झाकणावर फिरत होती, पण आटे जुळत नव्हते. बाईनं काही न बोलता बाटली घेतली, झाकण लावलं आणि मुलाला दिली.

माझ्यातला डॉक्टर जागा झाला तो त्या झाकणापाशी. कंपवाताच्या रोग्यात असं घडतं. ठरवून करायची हालचाल अडखळते, पण अचानक समोर आलेली गोष्ट हात विजेसारखा झेलतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापणी फार कमी लवत होती. आवाज खोल गेलेला. "कराड आलं का?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा बाईनं, "अजून न्हाई, ताकारी व्हायचंय," असं पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं.

कराडमुळंच बोलणं सुरू झालं. "खाशाबांचं गोळेश्वर हितनं जवळ," ते म्हणाले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, हे आपल्याकडं पोरांना तोंडपाठ असतं. मी विचारलं, तुम्ही पण तालमीतले का? "आधी तालमीत. मग फौजेत गेलो. तिथं उस्तादानं ग्लोव्हज चढवले." मग त्यांनी पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं. पेटकर मूळचे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. त्यांचं नाव घेताना सुभेदारांची पाठ ताठ झाली. हो, ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि पुढं पुण्यापर्यंत मी त्यांना सुभेदारसाहेबच म्हणत होतो.

पिशवीतून त्यांनी एक वही काढायला लावली. लाल कापडी बांधणीची, दुकानदाराच्या खतावणीसारखी लांबट. पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंत प्रत्येकीची त्यात नोंद होती. तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि युनिट, निकाल, कुठल्या राउंडमध्ये काय झालं. ठसठशीत, गोल अक्षर. एकूण ८७ लढती. मी मधलं कुठलंही पान उघडून प्रतिस्पर्ध्याचं नाव वाचलं, की ते पुढचं सांगत: हा डावखुरा होता, ह्याचा हुक लांबून यायचा, ह्यानं दुसऱ्या राउंडला मला खाली पाडलं आणि रेफ्रीनं आठपर्यंत मोजलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन मिनिटांचा हिशेब त्यांच्याकडं होता. अर्ध्या तासापूर्वीचं स्टेशन मात्र नव्हतं.

त्या वहीत त्यांनी खाल्लेला मारही लिहिला होता, म्हणून मी एक प्रश्न विचारला. आयुष्यभर रोग्यांना तंबाखू, दारू, साखर, रक्तदाब विचारणाऱ्या मला तो त्यापूर्वी कधी सुचला नव्हता. म्हटलं, "आणि सरावात? स्पॅरिंगमध्ये?"

"त्ये कोन लिवतंय, डॉक्टर?"

मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. आठवड्यातून तीन दिवस स्पॅरिंग. वर्षाचे चाळीस आठवडे धरले, बाकी रजा आणि दुखापती. म्हणजे वर्षाला १२० दिवस. अशी अकरा वर्षं, १,३२० दिवस. दिवसाला चार राउंड. गुणाकार ५,२८० वर गेला. वहीतल्या ८७ लढती प्रत्येकी तीन राउंडच्या धरल्या तरी होतात २६१. सुभेदारांनी आकड्यांवर बोट ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आन तेव्हा डोस्क्याला टोपी नव्हती." हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याचं संरक्षक कवच ऑलिंपिकला आलं ते १९८४ मध्ये. पुरुषांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेनं ते २०१३ मध्ये काढूनही टाकलं.

आता थोडं शास्त्र सांगतो.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन वळतं, कवटी आधी फिरते आणि मेंदू क्षणभर मागं राहतो. त्या क्षणात आतले बारीक तंतू ताणले जातात. कवचामुळं भुवई फाटत नाही, कान सुजत नाही, पण डोक्याचं वळणं त्यानं थांबत नाही. माणूस बेशुद्ध पडला तर ते सगळ्यांना दिसतं आणि रेफ्री मोजायला लागतो. तंतू ताणले जायला मात्र बेशुद्ध पडावं लागत नाही. लहान लहान ठोशांचीही साठवण होत जाते आणि काहींच्या मेंदूत पुढं टाऊ नावाचं प्रथिन घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती गुंतत जातं. ते जिवंतपणी खात्रीनं दाखवता येईल अशी तपासणी आजही नेहमीच्या दवाखान्यात नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासला तरच ते नक्की कळतं.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरनं, १९२८ साली. त्याच्या लेखाचं शीर्षक होतं 'पंच ड्रंक', म्हणजे ठोशांनी झिंगलेला. हा शब्द त्यानं बनवला नव्हता. लढती बघणाऱ्यांच्या तोंडी तो आधीपासून होता. जुने मुष्टियोद्धे झोकांड्या खात चालत, शब्द चघळत बोलत, म्हणून लोक त्यांना तसं म्हणत. पुढं ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी जुन्या नोंदणीतून निवृत्त व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची नावं काढली आणि २२४ जणांना प्रत्यक्ष तपासलं. त्यातल्या ३७ जणांत मेंदूला कायमची इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. हे १९६९ साली प्रसिद्ध झालं. जितकी कारकीर्द लांब आणि लढती जास्त, तितकं प्रमाण वाढत होतं. १९७३ मध्ये कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १५ जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून आतली हानी दाखवली. एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे बहुतेक जण व्यावसायिक होते, १५ राउंडपर्यंत लढणारे. तीन राउंडच्या हौशी खेळाडूंमधला पुरावा इतका ठाम नाही. पण मघाचा ५,२८० हा आकडा डोक्यात ठेवून मी हे अभ्यास वाचतो, तेव्हा मला स्वस्थ बसवत नाही.

हे विलायतेतलं झालं. आपल्या देशातलाही एक प्रसंग सांगतो. १९८० च्या जानेवारीत मुहम्मद अली दिल्लीत आला होता. तिथं प्रदर्शनीय लढतीत त्याच्यासमोर उभा राहिला आपला कौर सिंग, पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यातला जवान. हा प्रसंग सुभेदारांना ठाऊक होता. सैन्यातल्या प्रत्येक मुष्टियोद्ध्याला ठाऊक होता. अलीचा हात कौर सिंगपर्यंत किती वेगानं पोचायचा, हे त्यांनी मला गाडीत हात हलवून दाखवायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी उन्हाळ्यात अलीची अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना चपळाई कमी पडते, बोट नाकाला लावताना किंचित चुकतं, अशा बारीक खुणा तिथं टिपल्या गेल्या. तरी त्याला लढायची परवानगी मिळाली. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये लॅरी होम्सनं त्याला दहा राउंड झोडपलं, मग अलीच्याच कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. त्यानंतर १९८१ च्या डिसेंबरात तो आणखी एकदा लढला. १९८४ मध्ये कंपवाताचं निदान जाहीर झालं. १९९६ साली अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना थरथरणारा तो हात तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. त्याचा आजार ठोशांमुळंच झाला की त्याला तो तसाही होणार होता, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. पण बारीक खुणा दिसल्या होत्या, लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर तो दोनदा रिंगमध्ये उतरला, हे इतिहासात नोंदलेलं आहे.

कौर सिंगनं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेट गटाचं सुवर्णपदक जिंकलं. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. म्हातारपणी हृदयाच्या उपचारासाठी त्याला कर्ज काढावं लागलं आणि त्याची बातमी झाल्यावर मदत धावली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो गेला. मणिपूरच्या डिंको सिंगनं १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक आणलं. पुढं यकृताच्या कर्करोगानं घेरलं, उपचारासाठी घर विकावं लागलं, ४२ व्या वर्षी गेला. यांचे आजार मेंदूचे नव्हते आणि मला तसं सुचवायचंही नाही. सांगायचं ते एवढंच, की निवृत्तीनंतर या माणसांची प्रकृती कशी आहे हे पाहणारी कायमची व्यवस्था कुठंच नव्हती. वर्तमानपत्रात आलं तेव्हा कळलं.

कुणी म्हणेल, मग हा खेळच बंद करा. काही देशांतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी तशी मागणी केलेली आहे आणि त्यांचं म्हणणं मी आदरानं वाचलं आहे. माझं मत तसं नाही. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदकं आणली, सलग अकरा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद राखलं आणि मग भिवानीत मुलं घडवायला घेतली. त्या भिवानीनं २००८ साली बीजिंगला कांस्यपदक मिळवणारा विजेंदर दिला. ग्लोव्हज हातात आले म्हणून ज्यांना नोकरी, दोन वेळचं पोटभर जेवण आणि ताठ मान मिळाली, अशी शेकडो घरं आहेत. सुभेदारांचं घर त्यातलंच. त्यांच्या दोन बहिणींची लग्नं त्या नोकरीवर झाली. मी विचारलं, पुन्हा जन्म मिळाला तर? ते म्हणाले, "पुन्ना रिंगच. पन पोरास्नी सांगीन, डोस्कं हलवाया शिका. मार चुकिवतो त्योच खरा बॉक्सर." बोलताना त्यांनी खांदा किंचित खाली घेऊन डोकं बाजूला काढलं. सबंध प्रवासात त्यांची तेवढीच एक हालचाल मला सहज वाटली.

साताऱ्याच्या पुढं सुभेदारांना डुलकी लागली. तेव्हा वहिनी बोलल्या. इतका वेळ त्यांनी माझी नजर ओळखली होती.

"डॉक्टर, ह्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला न्हाई. गावात म्हनत्यात, म्हातारा सकाळीच टाकून येतो. चालतानी झोक जातो न्हवं. परवा यष्टीच्या कंडक्टरनं चढू दिलं न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ वर्षांपासून हातपाय जड. त्याच्याही आधी स्वभाव बदललेला. घरात कधी आवाज न चढवणारा माणूस नातवाच्या अंगावर भांडं फेकायला लागला आणि नंतर स्वतःच रडत बसायचा. "हे मारकुटे नव्हते हो. रिंगमंदी मारलं आसंल, घरात कधी न्हाई." पैशांचे व्यवहार चुकायला लागले. मुलगा म्हणाला, वय झालं. शेजारी म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाला दाखवा. दवाखाने झाले. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही होतं त्यांच्याकडं. कागद मी पाहिले. मधुमेह लिहिला होता, रक्तदाब लिहिला होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लिहिली होती. अकरा वर्षं डोक्यावर ठोसे घेतल्याचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. कुणी विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या लेखी ती अभिमानाची गोष्ट होती, आजारपणाच्या कागदात कशाला घालायची?

श्रोतेहो, १९२८ साली मार्टलँडनं जो शब्द लेखाच्या शीर्षकात घेतला, तोच आरोप घेऊन हा माणूस एसटीच्या पायरीवरून खाली उतरवला गेला होता. मार्टलँडचा लेख मी विद्यार्थी असताना वाचला होता. तरी माझ्या दवाखान्यात आलेल्या, झोकांड्या जाणाऱ्या, चिडखोर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी किती जण तरुणपणी रिंगमध्ये उतरले होते, हे मला आज सांगता येणार नाही. मी विचारलंच नव्हतं. हा दोष माझा आहे आणि तो मी या सभेत मान्य करतो.

जेजुरीच्या आसपास सुभेदार जागे झाले. मी त्यांना वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पूर्ण नाव लिहायला सांगितलं. पहिलं अक्षर वहीतल्यासारखंच ठसठशीत आलं. दुसरं थोडं लहान, तिसरं त्याहून लहान, आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर अक्षरं मुंगीएवढी होऊन एकमेकांत मिसळली. कंपवातात असं होतं. त्यांनी स्वतःच ते पाहिलं आणि म्हणाले, "पेन बरोबर न्हाई."

नंतर ते मिरजेला माझ्याकडं येत राहिले. कंपवाताच्या गोळ्यांनी बरीच वर्षं हातपाय हलते राहिले. राग आणि विसर यावर फारसा इलाज झाला नाही. पण घरच्यांना कारण कळल्यावर घर बदललं. नातू आजोबांना बाहेर घेऊन जायला लागला. गावात सांगितलं गेलं की ही नशा नाही, हा आजार आहे. त्यांचा आजार ठोशांमुळंच होता, असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली नाही, मी तो विषय त्या घरात काढलाही नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी ती लाल वही मुलीच्या हाती माझ्याकडं पाठवून दिली. ती आज इथं टेबलावर आहे.

या सभेला जिल्ह्यातल्या बॉक्सिंग क्लबचे प्रशिक्षक आले आहेत, शाळांचे क्रीडाशिक्षक आहेत, पदाधिकारी आहेत. त्यांच्यापाशी माझं मागणं आहे. लढतीत डोक्याला मार लागून खेळाडू पडला, तर त्याला काही आठवडे सक्तीची विश्रांती द्यायची, हा नियम स्पर्धांना आहे. सरावाला कुणी नियम लावत नाही. तो तुम्ही लावा. डोक्यावर ठोसे बसतील असं स्पॅरिंग आठवड्यातून एकच दिवस ठेवा आणि त्या दिवशी कुणी किती राउंड घेतले, ते वहीत लिहा. पन्नास रुपयांची वही पुरते. मुलगा सरावात भोवंडला, तर त्याला नाव, इयत्ता आणि वार विचारा आणि घरी पाठवा, पुढच्या आठवड्यात राज्य स्पर्धा असली तरी. तो खेळ सोडेल त्या दिवशी वही त्याच्या हातात द्या आणि सांगा, की पुढं तीस-चाळीस वर्षांनी कुठल्याही डॉक्टरकडं गेलास तर ही घेऊन जा. माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो, रोग्याच्या पहिल्या कागदावर तंबाखूच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा: डोक्यावर मार बसणारा खेळ किती वर्षं खेळलात?

आणि शेवटी, जे पूर्वी रिंगमध्ये उतरलेले आहेत आणि आज इथं बसले आहेत, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्यासाठी. येत्या रविवारपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते बारा मी माझ्या दवाखान्यात फक्त जुन्या मुष्टियोद्ध्यांना तपासणार आहे. फी नाही. लढतींची यादी, कात्रणं, प्रमाणपत्रं, जे असेल ते घेऊन या. एकटे येऊ नका, बरोबर घरचं माणूस आणा. माझे निम्मे प्रश्न त्यांना विचारायचे असतात.